जागची न हलणारी रेघ

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटायची त्याला पटेल. नाही पटली तर पान उलटा, माझं काही अडत नाही. खोटं सांगून या वयात मला कुणाची लग्नं जुळवायची नाहीत.

यात अमावस्या नाही. पडकी विहीर नाही. पांढऱ्या कपड्यातली बाई तर नाहीच नाही.

गेल्या हिवाळ्यातली एका गुरुवारची रात्र आहे. गावाबाहेर टेकडीवर दुर्बिणीची इमारत आहे. आणि त्या इमारतीत एकटी माझी सून आहे, जी जीव गेला तरी खोटं बोलत नाही. याच गुणापायी तिनं मला आजवर छळलं. भाजीत मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगते.

तिनं मला सांगितलं तसंच मांडते. ताऱ्यांचं काही चुकलं तर ती चूक माझी. बाकीचं चुकलेलं नाही.

सून आणि माझा मुलगा, दोघंही ताऱ्यांचंच काम करायचे. लग्न तिथंच जुळलं. पोरगी हुशार, कामाला वाघ. फक्त एक खोड.

अंधाराला भ्यायची.

हसू नका. मीही हसले होते.

"अगं, रात्री काळोखात बसायचं काम धरलंस आणि काळोखाला भितेस? कोळ्याच्या घरात जन्मून पाण्याला भ्यायचं?"

"आई, आकाशाचा अंधार वेगळा. खोलीतला अंधार वेगळा."

"कसा वेगळा?"

"आकाशात आपण बघतो. खोलीत वाटतं, आपल्याकडे कुणी बघतंय."

मुलगा बाजूला बसून हसत होता. म्हणाला, "तिची सोय मी केली आहे." काय सोय ते तेव्हा मी विचारलं नाही. नवरा-बायकोच्या सोयींत सासूनं नाक खुपसू नये, एवढी अक्कल मला आहे.

आता ताऱ्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ताऱ्याचा उजेड दुर्बिणीतून घेऊन यंत्रात सोडला, की त्याचा इंद्रधनुष्यासारखा पट्टा होतो. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. लोखंडाची रेघ वेगळी, चुन्याची वेगळी. रेघ जेवढी खोल तेवढा तो पदार्थ जास्त. रेघा बघायच्या आणि ताऱ्याच्या अंगावर काय काय आहे ते ओळखायचं.

माझ्या मुलाच्या ताऱ्याच्या अंगावर पारा होता. थर्मामीटरमधला असतो तोच. इतर ताऱ्यांवर असतो त्याच्या कैक पट. विक्षिप्त तारा. त्यात एकटा नव्हता, जोडी होती. दोघे एकमेकांभोवती गरगर फिरणारे, इतके जवळ की आपल्याला एकच ठिपका दिसावा. त्यातला पारेवाला आपल्याकडे येत असला की त्याची रेघ पट्ट्यात एका बाजूला सरकते. लांब जायला लागला की दुसऱ्या बाजूला. झोपाळ्यासारखी.

मुलगा सकाळी कामावरून घरी आला की मी विचारायची, "काय म्हणतोय तुझा पारा?"

"आज चढलाय, आई."

"ताऱ्याचा की बायकोचा?"

"तुझ्यापुढं दोघांचाही उतरतो."

जीभ माझीच घेतली होती त्यानं. दुसऱ्या कुणाची घेणार?

मग त्यानं ते शोधलं. पाऱ्याची रेघ बदलते. सरकते ते सोडा, ते सगळ्यांना माहीत. ती काही रात्री खोल असते आणि काही रात्री उथळ. म्हणजे त्या ताऱ्याच्या अंगावरचा पारा ढगासारखा हलतो. त्यानं ते लिहिलं, छापून आलं. मी ते पान हातात घेऊन बसले होते. त्यातलं मला त्याचं नाव तेवढं कळलं. ते पुरेसं होतं.

पुढं दुसऱ्या देशातल्या लोकांनी तोच तारा बघितला आणि लिहिलं, आम्हाला काही बदल दिसत नाही.

एवढंच. भांडण नाही, शिवी नाही. पण पोरगा आतून खचला. हातातला घास हातात राहायचा.

"मला दिसली होती, आई. मी डोळ्यांनी बघितली होती. पुन्हा बघतो."

पुन्हा बघायचं राहिलं.

एका सकाळी दाढी करताना छातीत कळ आली. अर्ध्या गालावर साबण तसाच...

त्याच्या पुढचं लिहीत नाही.

दोनेक वर्षं गेली. त्यांच्या ऑफिसच्या मोठ्या सरांनी सुनेला बोलावून घेतलं. म्हणाले, त्या ताऱ्याचं काम लटकत पडलंय. एकदा नीट तपासून हो की नाही ते लिहायला हवं. दुसऱ्या कुणाला देऊ का?

"मला द्या," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं मला सांगितलं. मी लसूण सोलत होते. सोलतच राहिले.

"सिद्ध करून ये," मी म्हटलं.

"सिद्ध करायला नाही जात, आई. बघायला जाते."

"बघायला शेजारचेही येतात. तू त्याची बायको आहेस."

"म्हणूनच."

मला राग आला. माझ्या पोराचा शब्द मागं राहिला होता, बाकी काय राहिलं होतं? तो शब्द खरा की खोटा, हे ठरवायला ही निघाली होती, आणि जाताना बाजू घेऊन जायला तयार नव्हती. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. ती तेवढंच बोलून घेत होती.

ती इमारत अशी. सगळ्यात वर घुमट आणि दुर्बीण. मधल्या मजल्यावर स्क्रीनसमोर बसायची खोली. तळाला शेजारी शेजारी दोन खोल्या. एकीत ते पट्टा करणारं यंत्र, कुलपात. दुसरी विश्रांतीची. तिथं एक खाट, एक लाकडी खुर्ची. खिडकी नाही. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत वायरी जायला एक भोक पाडलेलं.

काम सुरू झालं की इमारतीतले सगळे दिवे बंद. हा तिथला कायदा. एक कण उजेड चालत नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार. दुर्बीण चालवणारा ऑपरेटर तिच्या शेजारी बसलेला असायचा, बडबड्या माणूस, त्यामुळं अंधार जाणवला नाही. रेघ मात्र तशीच. रोज खोल. रोज तेवढीच.

मी सकाळी फोन करायची. "उतरला का पारा?"

"नाही, आई."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

गुरुवारी रात्री ऑपरेटरला घरून फोन आला. त्याच्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं. दारात उभा राहून तो घुटमळला.

"मॅडम, एकट्या बसाल?"

"भीती वाटेल," ती म्हणाली. "पण बसेन. तुम्ही जा."

त्याची गाडी उतारावरून गेली. आवाज लहान होत होत संपला.

वारा नव्हता.

तिनं स्क्रीन मंद केला. खोलीचे कोपरे दिसेनासे झाले. दुर्बीण ताऱ्यावर लावून ठेवलेली होती, पुढचा पट्टा तयार व्हायला वेळ होता. नुसतं बसायचं.

पाठ भिंतीला टेकवावी असं तिला वाटलं, पण पाठीमागे भिंतच नव्हती. जिना होता.

आणि जिन्याच्या खालून...

टक्.

ती ताठ झाली.

टक्... टक्...

मग एक गुणगुण. बारीक. सलग. माशी बाटलीत अडकावी तशी.

आवाज ओळखीचा होता. अगदी घरातला होता. पण कशाचा ते आठवेना.

"कोण आहे?"

ती उठून जिन्यापर्यंत गेली. खाली मिट्ट काळोख. दाराच्या फटीतून उजेडाची एक रेषा नाही. गुणगुण चालूच.

इथं एक गोष्ट तिनं मला सांगितली, ती मला सगळ्यात जास्त लागली. म्हणाली, "आई, त्या आवाजानं माझी भीती वाढायला हवी होती ना? उलट गेली. कुणीतरी दिवा लावल्यासारखी गेली. समोर तसाच काळोख होता... आणि मला भीतीच वाटेना."

ती परत येऊन बसली. स्क्रीनवर नवा पट्टा आला.

रेघ उथळ होती.

पहाटे माझा फोन वाजला. ती रडत होती.

"आई, तो खरा होता. रेघ बदलली."

मी काय केलं असेल? तोंडही न धुता शेजारणीचं दार वाजवलं. "काय गं, तुला सांगत होते ना, माझा पोरगा उगाच बोलायचा नाही." शेजारीण झोपेत होती, तिला तारा आणि वारा सारखाच. पण मला सांगायचं होतं. दुपारपर्यंत मी गल्लीभर सांगून आले.

दुपारी सुनेनं रात्रीचे सगळे पट्टे एकाखाली एक लावले.

पहिल्या पट्ट्यात पाऱ्याची रेघ, आणि तिच्या मधोमध एक बारीक उजेड. त्या उजेडानं रेघ भरली होती, म्हणून उथळ दिसत होती. दुसऱ्या पट्ट्यात तसंच. पण रात्रभर तारा फिरत होता. त्याची रेघ हळूहळू बाजूला सरकत होती, ती जायचीच.

आतला उजेड सरकत नव्हता.

पहाटेच्या पट्ट्यात रेघ निघून गेली होती, पूर्ण खोल. आणि तो उजेड मागं, आपल्या जागी, उघडा पडला होता.

ती म्हणाली, जे ताऱ्याचं असतं ते ताऱ्याबरोबर हलतं. जे हलत नाही ते ताऱ्याचं नाही. ते इथलं असतं. इमारतीतलं.

पूर्वीच्या यंत्रात पट्ट्याचा एक छोटा तुकडाच दिसायचा. आता सगळा पट्टा दिसतो. तिनं हिरव्या रंगात बघितलं. तिथंही एक रेघ, काळी नाही, लखलखीत. ताऱ्यात ती कधीच नसते.

ट्यूबलाइटची असते.

मला हे तिच्याकडून नंतर कळलं. ट्यूबलाइटच्या पोटात पारा असतो. आपल्या डोक्यावर वर्षानुवर्षं पारा जळत असतो आणि आपण खाली भाजी निवडत असतो.

इतक्यात मोठ्या सरांचा फोन. यंत्राच्या काचांवर उजेड आपटून खोटी रेघ उमटली, तर तिला तिथली माणसं भूत म्हणतात. धंद्यातला शब्द, त्यात काही नाही. त्यांनी सहज विचारलं, "पट्ट्यात भूत आहे का काही?"



"भूत नाही, सर," ती म्हणाली. "ट्यूबलाइट आहे."

फोन ठेवून ती तळाच्या खोलीत गेली. ऑपरेटर मागोमाग आला.

"ट्यूब कुठली, मॅडम? आपले साहेब वारले त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात सगळ्या काढल्या. शिडी मीच धरली होती. आता सगळे हे नवे एलईडी. त्यात पारा नसतो, बिल कमी येतं आणि लवकर जातात."

भिंतीवर स्क्रूची दोन भोकं होती. त्यांच्यामध्ये एक लांब पट्टा, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा. खाली लाकडी खुर्ची.

खुर्ची बघून तिला सगळं आठवलं.

लग्नानंतर ती त्याच्याबरोबर तिथं जायची. फक्त शुक्रवारी आणि शनिवारी, कारण बाकीच्या रात्रींनंतर सकाळी तिला शिकवायचे वर्ग असायचे. तो वर काम करायचा, ती खाली याच खुर्चीत बसून वाचायची. दिवे बंद, कायदा म्हणजे कायदा. पण हिला अंधार सोसेना. मग तोच खाली आला. दाराच्या फटीला जाड टॉवेल लावला आणि ट्यूब लावून दिली.

"बस निवांत," म्हणाला. "वर एक कण येत नाही. मी आहे."

ही त्याची सोय.

टॉवेल लावला. भिंतीतलं भोक विसरला.

त्याच्या छापलेल्या लेखात रेघ उथळ झाली त्या तारखा होत्या. तिनं कॅलेंडरवर बघितल्या. शुक्रवार. शनिवार. शनिवार. शुक्रवार.

ताऱ्याला वार कळत नाहीत.

त्यानं जे शोधलं होतं ते ताऱ्यावर नव्हतंच. ही खाली बसलेली होती, त्याचा तो उजेड होता.

ती तिथंच जमिनीवर बसली. ऑपरेटर बिचारा पाणी आणायला धावला.

पण मग गुरुवारी रात्री टक् टक् करत कोणती ट्यूब लागली?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं परीक्षा घेतली. घुमट बंद. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण. मुख्य बटण पाडून दिव्यांची वीजच बंद. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. यंत्र चालू ठेवून नुसत्या अंधाराचा फोटो घ्यायचा. ऑपरेटर तिच्या शेजारीच.

"झाकण लावून आकाश बघणारे आपणच, मॅडम," तो म्हणाला. "सरांना सांगू नका, पगार बंद करतील."

ती थोडं हसली.

काही झालं नाही. कोरा काळा फोटो. पुन्हा घेतला. पुन्हा कोरा.

"तुम्ही जरा बाहेर उन्हात थांबता का?" ती म्हणाली.

तो गेला. दार लागलं. अंधार आला. तिच्या छातीत नेहमीसारखी धडधड सुरू झाली...

टक्.

टक्... टक्...

फोटो आला. मध्यभागी ती हिरवी रेघ.

तेव्हा तिला कळलं. ती एकटी असली की. तिला भीती वाटली की. तेव्हाच.

त्याच शनिवारी संध्याकाळी ती घरी आली. मी खुशीत होते, मला काही माहीत नव्हतं. तिनं चप्पलही न काढता सगळं सांगितलं, तारखांसकट. मी ऐकून घेतलं. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"म्हणजे माझ्या पोराला खोटं पाडायला निघालीस."

"खोटं नाही, आई. चुकला तो."

"मेलेला माणूस चुकत नाही. त्याला सुधारता येत नाही, मग चुकेल कशाला?"

तिनं आता कुठं चप्पल काढली.

"तुझे ते सर काय म्हणतात?"

"सर म्हणाले, गुरुवारची रात्र जमेला धरायची की नाही ते तू ठरव. तू धरलीस तर मी विचारणार नाही. त्यांचाही जीव होता त्याच्यावर."

"मग धर की."

"धरली तर लिहावं लागेल, रेघ बदलते. कुणीतरी पुन्हा तपासेल. मग पुन्हा सगळे म्हणतील, याचं चुकलं, हिचंही चुकलं. आणि आई, बदलत नाही ती. मला माहीत आहे बदलत नाही."

"आणि नाही धरलीस तर?"

"अजून एक रात्र मिळाली आहे. एकटीच असेन. तो दिवा लागला तर तीही रात्र वाया." तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "तो माझ्यासाठी लावतोय, आई. त्याला वाटतंय मी घाबरलेय."

मी गॅस बंद केला. भात लागत होता, मला वासच आला नव्हता.

माझ्या पोराला मरून दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी किती वेळा म्हटलं असेल, एकदा ये, एकदाच ये. माझ्याकडे आला नाही. गेला तो हिच्याकडे, दिवा लावायला. सासूला काय वाटावं? मला वाटलं ते मी गिळलं.

"मग त्याला सांग," मी म्हटलं. "परस्पर लिहू नकोस. त्याचं काम आहे, त्याला सांगून कर."

शेवटच्या रात्री ती एकटी गेली. दुर्बीण ताऱ्यावर लावली. दिवे बंद केले. आणि वर बसून वाट न बघता सरळ तळाच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

खिडकी नसलेली खोली. डोळे उघडे काय, मिटलेले काय.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्चीत बसली नाही. का ते तिला सांगता आलं नाही.

वेळ गेला.

टक्.

डोक्यावर. भिंतीवर. दोन भोकांच्या मधे.

टक्... टक्...

गुणगुण सुरू झाली. इतक्या जवळ की दातांत जाणवावी. काळोख तसाच राहिला. स्वतःचा हात दिसत नव्हता. पण ती म्हणते, चेहऱ्यावर उजेड पडलेला कळतो ना, डोळे मिटले तरी? तसं कळत होतं.

आणि खुर्चीच्या बाजूनं... श्वास नाही, कापडाची सळसळ नाही. काही नाही. रिकाम्या खोलीत असतो तेवढाही आवाज नाही. त्या बाजूचा आवाजच कुणीतरी काढून घेतलेला.

ठरवून आणलेलं सगळं ती विसरली. नवऱ्याशी ती अरे-तुरेच करायची, मला ते कधी आवडलं नाही. तशीच बोलली.

"तुझी रेघ बघायची आहे मला. हा दिवा बंद कर."

गुणगुण चालू.

"तुझं चुकलं होतं. मी ते लिहिणार आहे. रागावू नकोस."

चालूच.

मग ती म्हणाली...

"मला आता भीती नाही वाटत. खरंच. तू जा."

आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

गुणगुण थांबली नाही. तशीच राहिली. ती मनात प्रार्थना करत होती, की थांबू नकोस. तोंडानं बंद कर म्हणाली होती, आणि आत सारखं, नको, नको, नको.

मग आवाज तुटला.

खुर्ची करकरली. कुणी उठलं की करकरते तशी.

पावलं वाजली नाहीत. दार उघडलं नाही.

त्यानंतरचा काळोख, ती म्हणते, नुसता काळोख होता. त्यात कुणी बघत नव्हतं. कुणीच नव्हतं. त्या काळोखातून भिंत चाचपत ती वर गेली आणि सकाळपर्यंत बसून राहिली, दात आवळून, पाठीमागे जिना ठेवून.

रेघ खोल होती. पहिल्या पट्ट्यात खोल, शेवटच्या पट्ट्यात खोल. केसभरही बदलली नाही.

तिनं तसं लिहिलं. बदल नाही. पूर्वी दिसलेला बदल शेजारच्या खोलीतल्या दिव्याचा. दिवा कुणी आणि कुणासाठी लावला होता, हे लिहायला तिथं जागा नसते म्हणे. खाली दोघांची नावं आहेत, त्याचं आधी. सरांनी काही विचारलं नाही.

नंतर ती तिथं कैक वेळा एकटी बसली. पुन्हा कधी काही वाजलं नाही. भीती वाटते का, असं मी विचारलं. "वाटते की," म्हणाली. "खूप वाटते."

मी तिच्याशी बरेच दिवस बोलले नाही. काय बोलणार? गल्लीत मान खाली घालून चालायची पाळी आली, असं मला वाटत होतं. गल्लीत तारा कुणाच्या लक्षातही नव्हता. एक दिवस दोघी ताटावर बसलो होतो. न राहवून मी विचारलं,

"तू सांगितल्यावर त्यानं लगेच बंद केला?"

तिनं मान खालीच ठेवली.

"नाही. थोडा वेळ घेतला."

मी उठले. ताट तसंच राहिलं.

भूत होतं की आणखी काही, ते मला विचारू नका. सुनेलाही विचारू नका, ती फक्त बघितलं तेवढं सांगते. मला त्याचं काही वाटत नाही. मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं.

माणूस दिवा मालवून खुर्चीतून उठतो, तेव्हा कुठंतरी जायला उठतो.

घरी तर आला नाही.

मग कुठं गेला असेल?